उन्हाळ्याच्या सुट्टीतला प्रोजेक्ट: फुटाळ्याचं पाणी

महिनाभराच्या सुट्टीत ‘नागपूरच्या तलावांचं प्रदूषण’ असला अवाढव्य विषय घेऊच नका. एकच प्रश्न धरा: फुटाळा तलावाच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन पहाटे आणि दुपारी किती बदलतो?

हा ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीला कॉलेजची साधी लॅब पुरते. ३०० मिलीची बीओडी बाटली (घट्ट काचेच्या बुचाची) पाण्याखालीच भरून बूच लावा. एखादा बुडबुडा आत राहिला तरी आकडा चुकतो. काठावरच २ मिली मँगनस सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. तयार होणारा साका (न विरघळलेला गाळ) तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. मग २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्लाने साका विरघळवा (चष्मा, हातमोजे घालूनच), २०३ मिली द्रावण घ्या आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंब-थेंब घाला. जितके मिली लागतील, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन. द्रावणाचा रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला; त्याने द्रावण निळं होतं, आणि तो निळा रंग गेला की थांबा. गेलेला निळा रंग थोड्या वेळाने परत येतो, तो मोजायचा नाही.

मेच्या उन्हात स्टार्च नासतो, रोज ताजा करा.

३० अंशांना संपृक्त पाण्यात लिटरला साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. दुपारी १० आला तर लगेच खोडू नका, शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण असू शकतं. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. म्हणून वेळ आणि तापमान न लिहिलेला नमुना बाद.

लॅबची परवानगी मात्र एप्रिलमध्येच काढा; मेमध्ये स्टोअरची किल्ली कुणाकडे, हाच संशोधनाचा विषय होतो.