काळा दगड काळाच यावा: पाताळेश्वरातला सराव

सध्या ५० मिलिमीटरची एकच प्राइम (झूम न होणारी) लेन्स लावून पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात सराव चालू आहे. जागा बदलायची नाही असं ठरवूनच टाकलं. विषय ओळखीचा झाला की लक्ष आपोआप उजेडाकडे वळतं, आणि उजेड शिकायला ही जागा फार गुणाची आहे. आठव्या शतकाच्या सुमारास बेसॉल्टमध्ये कोरलेली शिवाची लेणी, खाली उतरलेलं अंगण, त्यात छत्रीसारख्या छताचा वाटोळा नंदीमंडप. खांबांच्या रांगांमधून आत जावं तसा उजेड पावलागणिक कमी होतो.

सगळ्यात जास्त शिकले ते मीटरिंगबद्दल, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो त्याबद्दल. समोर काहीही असो, कॅमेऱ्याचं मीटर ते मध्यम राखाडीच आहे असं धरून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ठरवतं. फ्रेमभर कातळ असला की तो फिका, धुरकट येतो. तेच पांढऱ्या धोतरातले आजोबा जवळून टिपले, की धोतर मळकट दिसतं. म्हणून आता विषय बघून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन देते, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड मुद्दाम कमी-जास्त करते: दगडाला उणे २/३ ते उणे १ (उणे १ म्हणजे उजेड निम्मा), पांढऱ्या कपड्याला अधिक १ च्या आसपास. दगडाच्या फोटोचा हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ भाग किती, ते दाखवणारा आलेख) डावीकडे, म्हणजे गडद बाजूला झुकतो. झुकू दे, काळ्या विषयाचा हिस्टोग्राम तसाच असायला हवा. उणे १ केल्यावर छिन्नीचे घाव असे उठून येतात की खांबाला हात लावल्यासारखं वाटतं. आपल्याकडच्या किल्ल्या-लेण्यांचे फोटो काढणाऱ्याने ही एक सवय लावून घ्यावी असं मी आग्रहाने सांगेन.

आतल्या भागासाठी सेटिंग्ज बऱ्यापैकी ठरलीत. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही, त्यामुळे सगळं हातातच धरून. हातात धरताना शटर स्पीडचा जुना नियम असा, की फोकल लेंग्थ ५० तर निदान १/५० सेकंद. माझा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान, त्यात दृश्य दीडपट जवळ आल्यासारखं दिसतं, म्हणून ५० गुणिले १.५, म्हणजे ७५. सोयीचा जवळचा आकडा १/८०. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ २.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००. एफ ४ वर गेलं की उजेड निम्मा होतो, मग आयएसओ दुप्पट, म्हणजे ३२००. तेवढा नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) मला चालतो. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढल्यावर नंतर तो कमी करता येतो, हललेला फोटो मात्र सावरता येत नाही. बाहेर अंगणातल्या सावलीत एफ ८, आयएसओ २००, शटर १/२०० च्या आगेमागे. त्यात फारसं सांगण्यासारखं नाही.

रचनेचं काम हळू चाललंय. एक-तृतीयांशाचा नियम, म्हणजे विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक-तृतीयांशावर ठेवायचा, तो नंदीमंडपापुढे मला पटत नाही. वाटोळी वास्तू बाजूला सरकवली की तिचा तोल जातो, ती मधोमधच शोभते. माणूस असेल तर मात्र त्याला बाजूला घेते, आणि तो ज्या दिशेला बघतोय तिकडे जागा मोकळी सोडते. दुसरं म्हणजे खांब. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू ठेवून कॅमेरा सरळ धरायचा, आणि वरचा भाग मावत नसेल तर मागे सरकायचं. प्राइम लेन्समुळे पाय चालवावेच लागतात, आणि पाय चालले की पुढचा खांब नि मागचा मंडप यांचं नातं बदलतं. झूम फिरवून ते बदलत नाही.

आतून बाहेर बघताना दोन खांबांची आयती चौकट मिळते. तिथे मी बाहेरच्या उजेडावर स्पॉट मीटरिंग करते, म्हणजे फ्रेमच्या एका छोट्या भागावरूनच उजेड मोजते. मंडप नीट येतो, खांब जवळजवळ पूर्ण काळे होतात. कुणी दर्शन घेऊन बाहेर पडत असेल तर त्या चौकटीत त्याची छायाकृती येईपर्यंत थांबायचं. ही वाट बघणं मला या सगळ्या छंदात सर्वांत आवडतं.

पुढचा मुक्काम कार्ला. तिथलं चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर दर्शनी कमानीतून ऊन आत येतं. छताच्या जुन्या लाकडी फासळ्या त्या उजेडात टिपायच्या आहेत. लाकूड बेसॉल्टपेक्षा उजळ, म्हणून कॉम्पेन्सेशन उणे १/३ पासून सुरू करून बघणार.