तुम्ही विचारलंत म्हणून: फेव्हिकॉल का नाही?

मी व्हायोलिनं बनवतो आणि दुरुस्त करतो. माझ्या खोलीत आलेला माणूस आधी नाकाला रुमाल लावतो आणि मग हाच प्रश्न विचारतो. शेगडीवर पाण्याच्या पातेल्यात एक डबा बसवलेला असतो, डब्यात मधाच्या रंगाचा सरस, म्हणजे लाकूड जोडायचा जुना गोंद. वास कातड्याचा. "एवढं नाजूक काम करताय, मग फेव्हिकॉल का लावत नाही? कायमचं बसेल की." शेजाऱ्यांनी विचारलंय, शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांनी विचारलंय, सिलिंडर घेऊन आलेल्या पोरानंही विचारलंय. उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून आज बसून लिहितो.

कायमचं बसायला नको आहे, म्हणून.

व्हायोलिनचं पोट, म्हणजे तारांखालची फळी, स्प्रूसची असते. पाठ, बरगड्या (म्हणजे कडेनं फिरणाऱ्या पट्ट्या) आणि मान मेपलची. दोन्ही थंड मुलखातली झाडं, त्यामुळे लाकूड बाहेरून मागवावं लागतं. पोटाची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर राहीपर्यंत मी ते खरवडत जातो. बरगडी तर एकच मिलिमीटर, ओली करून तापलेल्या लोखंडावर वाकवलेली. हे सगळं पेटीसारखं बंद करायचं आणि सोलापुरात ठेवायचं. ऑगस्टात इथली हवा दमट, आणि मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर, हवेत ओल नावालाही नाही.

पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं, ते तुम्ही पाहिलंय. पण ते रुंदीत अडकतं, उंचीत नाही. लाकूड पाणी पितं आणि सोडतं तेव्हा रेषांच्या आडवं फुगतं आणि आटतं; रेषांच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही. आता व्हायोलिन डोळ्यांपुढे आणा. पोटाच्या रेषा मानेकडून खाली उभ्या जातात. खालच्या बाजूला त्याची रुंदी साधारण 208 मिलिमीटर. कडक उन्हाळ्यात ही रुंदी एक-दोन मिलिमीटर आटू पाहते. पण ज्या बरगड्यांवर पोट चिकटवलंय, त्यांच्या रेषा बरगडीच्या लांबीनंच धावतात. त्या आटत नाहीत. एक आखडतंय, दुसरं त्याला आखडू देत नाही. वरून चार तारा ओढतायत, पाश्चात्त्य पट्टीत लावल्या तर सगळ्यांचा मिळून ताण 20 किलोंच्या वर जातो.

कुठून तरी सुटणारच. कुठून सुटावं, एवढंच करणाऱ्याच्या हातात असतं.

सरस तिथे कामाला येतो. कातड्यापासून केलेला, दाणेदार मिळतो. रात्री थंड पाण्यात भिजत घालायचा, सकाळी साधारण 60 अंशांवर पातळ करायचा, उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याची ताकद जाते. पोटाच्या दोन फळ्या मधोमध जोडताना मी तो दाट घेतो, मानेलाही दाट, कारण ते जोड सुटता कामा नयेत. पोट बरगड्यांवर बसवताना मात्र पाणी घालून मुद्दाम पातळ करतो. वाळला की सरस काचेसारखा ठिसूळ होतो. ताण हाताबाहेर गेला की आधी तो तडकतो आणि लाकूड वाचतं.

माझे वडील सुतार होते, दारं-खिडक्या आणि कपाटं करायचे. त्यांच्याकडेही सरसाचा डबा असायचा. पुढे पांढरा गोंद आला तेव्हा त्यांनी तो आनंदानं घेतला, आणि बरोबरच केलं. कपाट पुन्हा उघडायचं नसतं. व्हायोलिन उघडायचं असतं. आत बेस बार, म्हणजे पोटाला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी असते, ती कधी बदलावी लागते. चीर गेली तर आतून सांधावी लागते. इटलीतल्या क्रेमोना गावच्या स्ट्रॅडिव्हारीला जाऊन, 1737 पासून, जवळजवळ तीनशे वर्षं होत आली. त्याची जी व्हायोलिनं आज मैफलीत वाजतात, त्यांतल्या बहुतेकांची मान आणि बेस बार मागाहून बदललेले आहेत, कारण नंतरच्या काळात तारांचा ताण वाढला, मान लांब लागायला लागली. ती उघडता आली म्हणून तगली. पातळ बोथट सुरी जोडात सरकवायची, हलका दाब द्यायचा. टक् टक् करत सरस सुटत जातो आणि पोट अख्खं हातात येतं. तो आवाज ऐकताना मला त्या जुन्या माणसांविषयी फार आदर वाटतो. आपल्यामागून कुणीतरी हे उघडणार आहे, हे धरून त्यांनी काम केलं.

काही वर्षांपूर्वी बार्शीकडची एक मुलगी आजोबांचं व्हायोलिन घेऊन आली. कधीतरी पोट सुटलं होतं आणि कुणीतरी ते दगडासारखं घट्ट होणाऱ्या कशानं तरी चिकटवलं होतं. हेतू चांगलाच असणार. पुढच्या उन्हाळ्यात जोड हलला नाही. पोट फुटलं, उजव्या बाजूच्या, इंग्रजी f अक्षरासारख्या भोकापासून थेट खालच्या कडेपर्यंत. मी उघडायला गेलो तेव्हा सुरीबरोबर बरगडीच्या ढलप्या निघायला लागल्या. चार दिवस फक्त उघडण्यात गेले. मग चीर सांधली, आतून स्प्रूसच्या टिकल्या आडव्या बसवल्या, कडेचं गेलेलं लाकूड नव्यानं भरलं. वाजतं आता. पण आजोबांच्या हातचा तो स्वर परत आला असं मी तिला सांगू शकलो नाही.

ती मुलगी आली त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या स्वतःच्या व्हायोलिनमधून रात्री आवाज आला, टक्. सकाळी पाहिलं तर खालच्या कडेला दोन इंच जोड उघडलेला. लाकडाला ओरखडाही नाही. पाऊण तासात चिकटवून शिकंजा लावून मोकळा झालो. त्या दिवशी मी घरात सगळ्यांना पेढे वाटले. बायकोला कारण कळायला वेळ लागला.

वासाबद्दल आणखी एक प्रश्न येतो, हळू आवाजात: हे जनावराचं असतं का? हो, असतं. लपवत नाही. एका मुलीची आजी कट्टर शाकाहारी, तिला मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, नको असेल तर नाही म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तबल्याला पण कातडंच असतंय की. करा तुम्ही." व्हायोलिन नेताना मात्र त्यांनी आधी हात जोडले, मग पेटी उचलली.

आपल्याकडे मांडी घालून वाजवतात. व्हायोलिनची खालची कड छातीशी टेकते आणि वरचं टोक पावलावर. घाम नेमका त्या कडेला लागतो आणि सरस ओलीनं विरघळतो. म्हणून तिथे जोड जास्त सुटतात. मऊ सुती कापड मध्ये घ्या. बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

आणि एखाद्या उन्हाळ्यात स्वर फाटल्यासारखा आला, कडेला फट दिसली, तर घाबरू नका आणि घरातली कुठलीही ट्यूब हातात घेऊ नका. तारा थोड्या उतरवा, पण चारही एकदम सोडू नका. आतला साउंड पोस्ट, म्हणजे पोट आणि पाठ यांच्यामधली लाकडी काडी, नुसता दाबावर उभा असतो, तो पडेल. तसंच घेऊन या. मे असेल तर सकाळी सहाच्या आत या. दुपारी खोली इतकी तापते की सरस गोठतच नाही, जोड धरायला वेळ लावतो. पहाटे तो चांगला धरतो.