वर जाताना मायनस, खाली येताना प्लस? माझा अनुभव

अकरावीचं फिजिक्स शिकवताना माझी चिडचिड होते ती एकाच जागी. हायर सेकंडरीत येणारी मुलं खालून एक नियम घोटून येतात: वर जाताना जी (गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर) मायनस, खाली येताना जी प्लस. नियम अर्धा चालतो, म्हणूनच जाता जात नाही. चेंडू नुसता वर टाकला किंवा नुसता खाली सोडला, तर उत्तर बरोबर येतं. दोन्ही एकाच गणितात आलं की बोंब.

माझं ठरलेलं गणित देतो. म्हापशातल्या एखाद्या इमारतीची १४.७ मीटर उंच गच्ची. कडेवरून चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगाने सरळ वर फेकला. जमिनीवर कधी पडेल? "शेवटी खालीच येतो ना" म्हणत मुलं सगळंच प्लस धरतात: १४.७ = ९.८टी + ४.९टी² (टी म्हणजे वेळ). उत्तर येतं १ सेकंद. इतकं गोंडस उत्तर, की शंकाच येत नाही. पण चेंडूला नुसतं माथ्यावर पोचायलाच १ सेकंद लागतो! हे उत्तर खाली भिरकावलेल्या चेंडूचं.

वरची दिशा धन घ्या. विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं अंतर, दिशेसकट) −१४.७, सुरुवातीचा वेग +९.८, त्वरण −९.८. मग टी² − २टी − ३ = ०, म्हणजे ३ सेकंद. माथ्यावर चिन्ह बदलायचं नाही. तिथे वेग शून्य होतो, त्वरण −९.८च राहतं. खालची दिशा धन घेतली तरी ३च येतात. मी दोन्ही रीतींनी करून घेतो, त्याशिवाय मुलांचा विश्वास बसत नाही.

दुसरं उत्तर −१ येतं, ते खोडण्याआधी बघा. चेंडू जमिनीवरूनच निघाला असता तर गच्चीशी पोचण्याच्या १ सेकंद आधी, १९.६ वेगाने निघाला असता. पडतानाही वेग तेवढाच, फक्त मायनस.

वर्गमुळाखाली −८ आले तर एक तर विस्थापन प्लस लिहिलंय, नाहीतर सूत्रातही मायनस आणि जीच्या किमतीतही मायनस. त्यावर माझा हट्ट असा: जी म्हणजे नेहमी ९.८, मायनस त्वरणाचा. (गोव्यात जी खरं तर ९.७८च्या आसपास भरतं. पण चिन्ह चुकवणाऱ्याने दशांशांची काळजी करू नये.)

माडावरून सुटलेल्या नारळाला मात्र खालची दिशा धन घ्या, मायनसची भानगडच नको.

वजनाचंही तेच. ५० किलोच्या माणसाचं वजन ४९० न्यूटन, ही नुसती किंमत. दिशा बाणाने दाखवायची. लिफ्टमध्ये, वरची दिशा धन: आधारबल (लिफ्टची फरशी माणसाला वर ढकलते ते) − ४९० = ५० × त्वरण. त्वरण खाली २ असेल तर −२ घाला, ३९० न्यूटन मिळतात. पण "खाली जाताना जी वजा ए" (ए म्हणजे लिफ्टचं त्वरण) पाठ असलेला मुलगा त्यातच ए = −२ घालतो आणि ५९० काढतो. शिवाय वर जाणारी लिफ्ट थांबायला लागली की त्वरण खालीच असतं, हे त्या पाठांतरात कुठे बसतं?

आणि हो, बाण कच्च्या कागदावर काढून उपयोग नाही. उत्तरपत्रिकेतच, पहिल्या समीकरणाच्या वर, "वरची दिशा धन" एवढं लिहा.