९७७, ५ आणि १७: एका डिस्क इमेजची भूमिती

वडिलांच्या छापखान्यातील ४० एमबीच्या जुन्या आयडीई जोडणीच्या हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे तिच्यातील सर्व मजकुराची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, मी मागच्या महिन्यात काढली. त्या काळच्या अनेक डिस्कना सिलिंडर (सगळ्या तबकड्यांवरचे एकाच अंतरावरील ट्रॅक, म्हणजे वर्तुळाकार पट्टे), हेड (तबकडीची एकेक बाजू वाचणारे टोक) आणि सेक्टर (ट्रॅकचा छोटा तुकडा) एवढाच पत्ता समजत असल्यामुळे यूएसबी अडॅप्टरला ती ओळखताच आली नाही. शेवटी माळ्यावरचा पेंटियम खाली काढून त्यावर लिनक्समधील डीडी या प्रत काढणाऱ्या आज्ञेने ती वाचली. हाती आलेली फाइल ४,२५,१९,०४० बाइटची, म्हणजे ५१२ बाइटच्या बरोबर ८३,०४५ सेक्टरांची होती. एकही सेक्टर खराब निघाला नाही. तरीही एम्युलेटरमध्ये (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ती लावताच पडद्यावर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम’ एवढीच ओळ आली.

डिस्कच्या लेबलवर ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर असे छापलेले आहे; हीच डिस्कची भूमिती. पण कच्च्या, म्हणजे नुसते सेक्टर ओळीने साठवलेल्या, इमेजमध्ये हे आकडे नोंदवायला वेगळी जागाच नसते. एम्युलेटरने फाइलच्या लांबीवरून अंदाज बांधला आणि १६ हेड, ६३ सेक्टर ही रूढ रचना धरली. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचे पार्टिशन (डिस्कचा तिच्यासाठी राखलेला भाग) सिलिंडर ०, हेड १, सेक्टर १ या पत्त्यावर सुरू होते. ट्रॅकमध्ये १७ सेक्टर असतील, तर त्याआधी १७ सेक्टर येतात; ६३ असतील, तर ६३. त्यामुळे बूट कोड (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील, ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) भलत्याच सेक्टरवर जाऊन पोहोचला, आणि त्या सेक्टरच्या शेवटी असायला हवी ती ५५एए ही, सेक्टर बूट करण्याजोगा असल्याची खूण त्याला मिळाली नाही. शिवाय १,००८ सेक्टरांच्या सिलिंडरात ८३,०४५ सेक्टर पुरते बसत नाहीत: ८२ सिलिंडर भरून ३८९ सेक्टर उरतात, म्हणजे जवळजवळ २०० केबी मजकूर फाइलमध्ये असूनही डॉसच्या आवाक्याबाहेर राहतो.

लेबल फाटलेले असते, तरी हे आकडे सापडले असते. पहिल्या सेक्टरमधील पार्टिशन तक्त्यात पार्टिशन कोठे संपते तेही लिहिलेले असते, आणि माझ्या इमेजमध्ये त्या जागी ०४ आणि डी१ हे (सोळा-आधारी अंकांत लिहिलेले) बाइट आहेत. हेड शून्यापासून मोजतात, म्हणून ०४ म्हणजे ५ हेड. डी१चे वरचे दोन बिट सिलिंडरच्या आकड्याचे असतात आणि उरलेले सहा बिट म्हणजे १७. क्यूईएमयू हे एम्युलेटर नेमके हेच करते: आधी पार्टिशन तक्ता वाचते, आणि तेथे काही हाती लागले नाही तरच रूढ रचनेकडे वळते. डिस्क स्वतःबद्दल जे सांगते ते आधी ऐकावे, हा क्रम मला सर्वात योग्य वाटतो. डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये हे आकडे ‘साइझ’ या पर्यायाने ५१२,१७,५,९७७ असे हाताने देता येतात.

फ्लॉपीच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे, कारण प्रचलित आकार मोजकेच आहेत. १४,७४,५६० बाइट दिसले की ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर हे जवळपास ठरलेलेच.

भूमिती लिहून ठेवणारे स्वरूप निवडले म्हणजे काम संपले, असेही नाही. ठरावीक आकाराच्या व्हीएचडीमध्ये (डिस्क इमेजच्या एका स्वरूपात) कच्च्या इमेजच्या शेवटी ५१२ बाइटचा फूटर, म्हणजे माहितीचा तुकडा, असतो आणि त्याच्या आरंभी व्हर्च्युअल पीसी हा आभासी संगणकाचा प्रोग्राम मुळात बनवणाऱ्या कनेक्टिक्स या कंपनीचे नाव असते. या फूटरमध्ये डिस्कचा आकार बाइटमध्ये आणि भूमिती अशा दोन्ही नोंदी असतात, मात्र भूमितीच्या आकड्यांचा गुणाकार त्या आकाराशी जुळेलच असे नाही. व्हर्च्युअल पीसी भूमितीला प्रमाण मानते, तर मायक्रोसॉफ्टचे त्याच प्रकारचे हायपर-व्ही बाइटमधील आकाराला. म्हणून एकच फाइल दोन ठिकाणी दोन मापांची भरू शकते आणि रूपांतर करताना शेवटचे काही सेक्टर कापले जाऊ शकतात. यासाठी क्यूईएमयूला फूटरमधील निर्मात्याची नोंद पाहून कोणता आकडा खरा मानायचा ते ठरवावे लागते. हीच फाइल कोणी कच्ची इमेज म्हणून उघडली, तर फूटरही डिस्कचाच भाग समजला जातो आणि एक सेक्टर वाढतो.

आकडे हाताने भरल्यावर माझी डिस्क सुरू झाली आणि वडिलांनी जुळवलेल्या लग्नपत्रिकांच्या फाइली यादीत दिसल्या. इमेजशेजारी आता एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवली आहे; तिच्यात डिस्कची भूमिती, एकूण सेक्टर आणि इमेज काढल्याची तारीख लिहिली आहे.