वहीतले चौकोन
दुसऱ्यांच्या पोस्ट लिहून पोट भरते मी, आणि माझ्या स्वतःच्या पेजवरची शेवटची पोस्ट गणपतीतली. आता होळी आली! आज एका क्लायंटनेच विचारलं, "मॅडम, तुमचं काम चालू आहे ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी वही घेऊन थेट ठाण्यातली तलावपाळी, म्हणजे तळ्याचा काठ गाठला. लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवला. दोन महिन्यांचे चौकोन आखले. आधी रोज एक पोस्ट ठरवली, मग स्वतःचंच हसू आलं. आठवड्याला दोन, बास. मंगळवारी कामातला किस्सा, शुक्रवारी एखादी ओळ आधी कशी होती आणि खोडून खोडून कशी झाली ते. (खोडलेल्या ओळींचा साठा माझ्याकडे अफाट आहे.) १६ एप्रिलच्या चौकोनात नुसतं 'आगगाडी' लिहिलंय. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्यालाच आली, एवढा आयता विषय ठाणेकरणीने सोडायचा?

घरी येऊन पहिल्या चार पोस्ट मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाच्या पोस्ट आधीच लावून ठेवायची सोय) शेड्यूल करून टाकल्या. पाचव्या चौकोनावर भेळेतल्या चिंचेच्या चटणीचा डाग पडलाय. तिथे काय लिहिलं होतं, ते काही केल्या वाचता येत नाहीये.