तुम्ही विचारलंत म्हणून: जाळं कापतात ते 25 हजारांसाठी?

मालवणात माशांचं ताट संपलं की पाहुणे हमखास विचारतात, "कासव सोडलं की सरकार 25 हजार देतं म्हणे. म्हणून सोडतात का तुमचे मच्छीमार?" मच्छीमारांच्या सोसायटीत भरपाईचे हे अर्ज मीच भरून देतो, तेव्हा सांगतो.

25 हजार ही भरपाईची कमाल मर्यादा. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापावं लागलं, तर त्या जाळ्यापुरती. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाने 2018च्या अखेरीस ही योजना आणली. जळालेलं डिझेल, बुडालेला दिवस ज्याचा त्यालाच. तेव्हा पैशांसाठी कोण कापेल?

फरक पडला तो दुसरीकडे. पूर्वी असा प्राणी जाळ्यात दिसला की होडीवर सगळ्यांची तोंडं बंद. 1972चा वन्यजीव कायदा. बोललो तर केस मागे लागायची, ही भीती. आता खलाशी मोबाइल काढतो, कारण अर्जाला चित्रण लागतं. (कासव हवेवर जगणारं, जाळ्यात गुदमरतं. फोटोसाठी खोळंबू नये, हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, सांगावं लागत नाही.) कुठल्या पाण्यात, कोणत्या महिन्यात काय अडकतं, याची नोंद अशी आपसूक सरकारदरबारी जमते. गस्तीनौका कितीही फिरवली असती तरी ती मिळती ना. माझ्या मते योजनेची खरी कमाई हीच. अर्ज महिनोन्महिने पडून राहिला की पहिली बुडते तीही हीच, कारण पुढच्या खेपेला मोबाइल खिशातच राहतो.

माणसं धाकाशिवाय सोबत आली की काम होतं, हे रत्नागिरीतल्या वेळासला, जिथं कासवं किनाऱ्यावर अंडी घालतात, 2002पासून दिसलं: सह्याद्री निसर्ग मित्र संस्था पुढे आली, गावानं घरटी राखली, वन विभाग सोबत आला आणि पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले.

आता पुढचं दुखणं ट्रॉलचं, म्हणजे बोटीमागे ओढत न्यायच्या जाळ्याचं. कासव बाहेर पडावं म्हणून ट्रॉलच्या जाळ्यात बसवायची सळ्यांची चौकट कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं तयार केली आहे. ती वापरात नाही म्हणून अमेरिका 2019पासून आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही. तांडेल म्हणतात, चौकटीतून मासळीही निसटेल. खरं की खोटं, ते त्यांच्याच बोटीवर चार फेऱ्या मारून बघावं आणि मगच सक्तीचं बोलावं. डिझेल मात्र त्या फेऱ्यांचं सरकारनं द्यावं.