चार आज्या, एक नाडी आणि ‘म्हणे’ची चिठ्ठी

तिसरीतल्या मुलाला विचारा, अहिल्याबाई होळकर कधी होऊन गेल्या? उत्तर येतं, ‘खूप वर्षांपूर्वी.’ डायनासोरही खूप वर्षांपूर्वीचे आणि आजोबांची शाळाही. या वयात हातच्याची वजाबाकी नुकती जमू लागलेली असते, त्यामुळे 1725 हा त्यांच्या जन्माचा सन त्याला काहीच सांगत नाही. सनावळी फळ्यावर येण्याआधी काळ बोटांनी मोजता आला पाहिजे.

त्यासाठी काळाची पट्टी म्हणून साडेचार मीटर लांब सुती नाडी घ्या. सुतळी किंवा इलॅस्टिक नको, ताणलं की मापं सरकतात. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर. उजव्या टोकापासून 50 सेंटिमीटर सोडून 2000 ची खूण करा. तिथून डावीकडे दर 10 सेंटिमीटरला निळी रेघ, दर 100 ला लाल. डावं टोक 1600 वर येतं. उजवीकडचा मोकळा भाग मुद्दाम ठेवायचा. ‘आज’ची चिठ्ठी दर वर्षी एक सेंटिमीटर पुढे जाते आणि पट्टी पुन्हा करावी लागत नाही. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, सलग भिंतीवर लावा. कोपऱ्यात वळवली की लांबीचा अंदाज जातो. वर्ग लहान असेल तर व्हरांडा चालेल.

सुरुवात अहिल्याबाईंपासून करू नका. आधी प्रत्येकाने आपल्या वयाची, आठ सेंटिमीटरची, पुठ्ठ्याची पट्टी कापायची आणि ‘आज’पासून मागे लावायची. मग आईची, मग आजीची. इथेच एक चूक हमखास होते: मुलं पट्ट्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकापुढे एक जोडतात. तिन्ही पट्ट्या एकाखाली एक, ‘आज’ला टेकवून लावायला सांगा, म्हणजे आईच्या लहानपणी आजी होतीच, हे दिसतं. एकापुढे एक ठेवायच्याच असतील तर फक्त अंतर मोजण्यासाठी: ‘आज’पासून आजीच्या वयाच्या, 70 सेंटिमीटरच्या, चार पट्ट्या मागे गेल्या आणि थोडी जागा उरली की 1725 येतं. ‘चार आज्यांपेक्षा जरा मागे’ हे मुलांच्या लक्षात राहतं.

आता चिठ्ठ्या. 1725 जन्म, 1754 कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेरावांचा मृत्यू, 1766 सासरे मल्हाररावांचा, 1795 अहिल्याबाईंचा. एका तासाला चारपेक्षा जास्त नकोत. पाचवी 1818 ची, दुसऱ्या दिवशी. त्या वर्षी इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. इंदूरच्या राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, म्हणून मुलं धरून चालतात की त्या इथूनच राज्य करायच्या. 1795 ते 1818 हे 23 सेंटिमीटर मुलांना स्वतः मोजू द्या, आणि मग त्यांच्या राजधानीचं, महेश्वरचं, नाव घ्या.

राजवाड्याला सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत जा. माहिती सांगत फिरू नका, एकच काम द्या: मजले मोजा आणि दगड कुठे संपतो ते शोधा. सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. ‘आग लागली तर काय उरेल?’ असं विचारलं की मुलं आपणहून वर बघतात. मग सांगा, 1984 च्या दंगलीत खरोखर आग लागली होती आणि मागचा जळालेला भाग नंतर पुन्हा बांधला. या वयाला एवढा तपशील पुरे. जुन्या वास्तूतलं सगळंच जुनं नसतं, हे इथे समोर उभं असतं. वर्गात ते पटवणं फार अवघड.

जवळच आडा बाजार. अहिल्याबाईंच्या मुलाच्या रथाखाली वासरू आलं आणि त्यांनी त्यालाच शिक्षा फर्मावली. रथापुढे गाय आडवी उभी राहिली, म्हणून हे नाव, म्हणे. ही गोष्ट सांगायलाच हवी, मुलं तिच्यावर जीव टाकतात. पण तिची चिठ्ठी पिवळी. पत्रं, शिलालेख, नाणी यांतून कळतं ते पांढऱ्यावर. मराठीत यासाठी ‘म्हणे’ हा शब्द आयता आहे आणि मुलं घरी तो रोज ऐकतात. पिवळी चिठ्ठी वाचताना वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ म्हणायचंच, असा वर्गाचा नियम करा. आठवड्याभरात मुलं आपण सांगितलेल्या वाक्यांनाही ‘बाई, ही पांढरी की पिवळी?’ असं विचारू लागतात. उत्तर माहीत नसेल तर चिठ्ठी कोरी ठेवून पट्टीखाली लावायची आणि मिळालं की रंग ठरवायचा.